व्हाइटनरखालचं रीडिंग

जर्नलं तपासताना मी ती वाचत नाही, हे आधी सांगून टाकते.

सुरुवातीची दोन वर्षं वाचायचे. रसायनशास्त्राची नवी लेक्चरर, हातात लाल पेन. प्रत्येक मुलाचं गणित स्वतः करून बघायचे. एकदा सत्र संपताना टेबलावर चार बॅचची जर्नलं रचलेली होती आणि मी सहाव्या की सातव्यावरच अडकले होते. शेजारच्या सीनियर मॅडम पर्सची चेन लावत म्हणाल्या, "अगं, जर्नल तपासतेयस की खुनाचा पंचनामा करतेयस? रिझल्ट बघ, सही कर, घरी जा." मला ते पटलं असं नाही. सोयीचं वाटलं. त्यानंतर चहा निवायच्या आत माझी वीस जर्नलं व्हायला लागली.

मी बघते काय? खाकी कव्हर आहे का, अनुक्रमणिका भरली आहे का, डाव्या कोऱ्या पानावर आकृती पेन्सिलने काढली आहे का. उजव्या पानावर शेवटी पट्टीने आखलेल्या चौकटीत रिझल्ट असतो. जो यायला हवा तो आला असला की बरोबरची खूण, तारीख, सही. आणि अगदी पहिल्या पानावर, जिथे छापलेलं असतं की या विद्यार्थ्याने वर्षभराचे प्रयोग स्वतः आणि समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहेत, तिथे पूर्ण सही आणि शिक्का. त्या पानाशिवाय मुलांना प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. म्हणून सत्र संपताना मुलं माझ्यामागे जिन्यातून धावतात.

'स्वतः' हा शब्द छापलेला आहे, मी लिहिलेला नाही, असं मी मनाला सांगत आले.

रिझल्ट बरोबरच येतो. तो न येऊन सांगतो कुणाला? गेल्या वर्षीचं जर्नल शेजारी उघडं ठेवूनच मुलं प्रयोगाला उभी राहतात. आमचं कॉलेज उल्हासनगरात. तिथल्या कॅम्प दोनमध्ये एका दुकानात कोरी जर्नलं मिळतात आणि दोन दुकानं सोडून भरलेल्या जर्नलांच्या झेरॉक्स. याला आमच्याकडे 'रीडिंग बसवणं' म्हणतात. मुलं म्हणतात, प्रयोगशाळेतले मामा म्हणायचे, स्टाफरूममध्ये आम्हीही म्हणतो, आणि म्हणताना कुणी आवाज खाली आणत नाही.

ज्या प्रयोगाबद्दल सांगायचं आहे तो टायट्रेशनचा, अगदी साधा आहे. जांभळ्या रंगाचं पोटॅशियम परमँगनेट ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणा केलेल्या उभ्या काचनळीत भरायचं. खाली फ्लास्कमध्ये मोजून घेतलेलं, जरा कोमट केलेलं ऑक्झॅलिक ॲसिड. वरून जांभळं थेंबथेंब सोडायचं. पडलं की रंग नाहीसा होतो. एक थेंब असा येतो की गुलाबी छटा टिकते. तिथे थांबायचं आणि किती मिलिलिटर लागलं ते वाचायचं. त्यावरून जांभळ्या द्रावणाची ताकद काढायची; ते जितकं पातळ, तितकं जास्त लागतं. आम्ही ते दरवर्षी सारख्याच ताकदीचं बनवतो, त्यामुळे रीडिंग दहा येतं. दहा, दहा पॉइंट एक, दहा. हे सगळ्या जर्नलांत आहे, आणि त्या झेरॉक्सवाल्यालाही पाठ असेल.

आठ-नऊ वर्षं झाली. जानेवारी होता, संक्रांत होऊन गेली होती. बदलापूर गावात सासरी हळदीकुंकू होतं आणि वाण मी न्यायचं होतं. चहाची स्टीलची गाळणी, साठ नग, दोन पिशव्या स्टाफरूममध्ये टेबलाखाली. साडेतीनची बॅच शेवटची. कॅनमधलं परमँगनेट तिला पुरणार नाही हे मामांनी दुपारीच सांगितलं होतं. नवीन करायचं म्हणजे वजनकाट्याच्या खोलीची किल्ली आणा, वजन करा, विरघळवा, तासभर गेला असता. कॅनमध्ये दोनेक लिटर उरलं होतं. मी डिस्टिल्ड वॉटरचा जग उचलला आणि अर्धा लिटर पाणी त्यात ओतलं.

मामा बघत होते. "मॅडम, फिकं नाय ना होणार?"

"चालतंय हो मामा. कोण बघतंय?"

हे वाक्य मला आजही माझ्या आवाजात ऐकू येतं. घाई होती म्हणून पाणी ओतलं, इतकंच असतं तर मी हे लिहीत बसले नसते. रीडिंग कुणी वाचणार नाही याची मला पक्की खात्री होती, म्हणून ओतलं. ब्युरेटमध्ये काहीही असलं तरी वीसच्या वीस मुलं दहा लिहिणार होती. बॅच सुरू करून दिली आणि मी गाळणी घेऊन निघाले. मुलांच्या कच्च्या वहीतल्या रीडिंगवर त्याच दिवशी सही करायची असते, तीही केली नाही. उरलेलं द्रावण मामांनी गडद बाटलीत भरून नेहमीचं लेबल चिकटवून ठेवलं.

फेब्रुवारीच्या शेवटी जर्नलं आली. भराभर चौकटी बघत होते. एका चौकटीत उत्तर वेगळं दिसलं. वरती रीडिंग: बारा पॉइंट पाच, बारा पॉइंट सहा, बारा पॉइंट पाच. मी लाल पेनाने काट मारली, 'रिपीट' लिहिलं आणि पुढचं जर्नल घेतलं. कुणाचं ते नावसुद्धा बघितलं नाही.

जर्नल पहिल्या वर्षाच्या एका मुलीचं होतं. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरून यायची. सकाळी पहिल्या टमटमने बदलापूर, मग पुढे कॉलेज. घरची भातशेती थोडी, बाकी वडील मजुरीला. वर्गात बोलायची नाही, पण अक्षर असं की फळ्यावर लिहून घ्यावं. दुसऱ्या दिवशी तिने मधल्या सुट्टीत मामांकडून सामान मागून घेतलं आणि प्रयोग परत केला. मग स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, तेच आलं."

"काय तेच?"

"साडेबारा."

मी वैतागून उठले. प्रयोगशाळेत दुसऱ्या वर्गाचं प्रॅक्टिकल चालू होतं. तिच्या टेबलापाशी उभी राहून मी स्वतः टायट्रेशन केलं. दहावर गुलाबी यायला हवं होतं. दहा गेलं, अकरा गेलं. बारा पॉइंट पाचला छटा टिकली.

आणि मला गाळणी आठवली. साठ नग.

मामा समोरच होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, मग फडकं घेऊन रॅक पुसायला लागले. तो रॅक सकाळीच पुसला होता.

मी म्हटलं, "ब्युरेट गळतेय ही."

"नाही मॅडम. खाली फिल्टर पेपर ठेवला होता. कोरडा आहे." तिने तो उचलून दाखवला.

"मग वाचताना चुकतेयस. गडद द्रावण असलं की वरची कड वाचायची असते."

"वरचीच वाचली मॅडम."

एव्हाना शेजारच्या टेबलावरची मुलं ऐकायला लागली होती. मी आवाज चढवला. "एकोणीस जणांचं दहा येतं आणि तुझं एकटीचं साडेबारा. म्हणजे एकोणीस जण आंधळे आणि तू एकटी डोळस? नजर चुकतेय तुझी."

मुलं हसली. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, चष्मा लगाव बोलो उसको." मी त्याला गप्प बसवलं नाही.

ती ब्युरेटकडे बघत राहिली. मी माझ्या पर्समधून व्हाइटनर काढून दिला. तिने तीन आकड्यांवर तो लावला, फुंकर मारून वाळवला आणि वर लिहिलं: दहा, दहा पॉइंट एक, दहा. खालचं गणित दुसऱ्या कागदावर करून चिकटवलं. मी तिथेच उभ्याउभ्या सही केली आणि दहापैकी दहा मार्क दिले.

का केलं? याचा मी पुष्कळ विचार केला आहे, नुसता विचारच केला आहे. "अगं, माझ्याकडून पाणी जास्त पडलं," एवढंच म्हणायचं होतं. नोकरी गेली नसती, कुणी कागदी कारवाईही केली नसती. पण तिचं साडेबारा बरोबर असेल तर बाकीच्या एकोणीस जणांचं दहा आलं कुठून, हे मला विचारावं लागलं असतं. आणि एकदा ते विचारलं की माझ्या इतक्या वर्षांच्या सह्यांचं काय? तिचं एक रीडिंग खरं ठरवायचं तर सगळं कपाट खाली काढावं लागलं असतं. ते नको होतं. त्यापेक्षा एक मुलगी चुकीची ठरवणं सोपं होतं.

त्या प्रयोगात विचारलेलं काय असतं? या बाटलीत आहे त्या द्रावणाची ताकद किती. वीस जणांत त्याचं बरोबर उत्तर तिचं एकटीचं होतं.

पुढची दोन वर्षं तिच्या जर्नलात एकही चूक सापडली नाही. मी ते इतर मुलांना नमुना म्हणून दाखवायचे. बी.एस्सी. झाली, अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागली, पेढे घेऊन आली. मला हायसं वाटलं. म्हटलं, बघ, काही बिघडलं नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी ती घरी आली. आम्ही आता अंबरनाथ पूर्वेला पालेगावच्या बाजूला राहतो. खिडकीतून एका अंगाला भाताची खाचरं आणि दुसऱ्या अंगाला क्रेन. दार यांनी उघडलं. हे एका कारखान्यात प्रॉडक्शन ऑफिसर होते, आता निवृत्त आहेत, आणि घरी कुणी आलं की खूश असतात.

"तुझी विद्यार्थिनी आलीय गं."

तिने ओट्यावर तांदळाची पिशवी ठेवली. "घरचे आहेत मॅडम. नवीन." मग सोफ्याच्या कडेवर बसली आणि झोळीतून खाकी कव्हरचं जर्नल काढलं. पहिल्या वर्षाचं. "म्हटलं, तुम्हाला आठवण राहिली नसेल तर हे बघून तरी ओळखाल."

हळूहळू तिने सांगितलं. कारखान्यातून तिला काढलं होतं. एक माल गिऱ्हाइकाकडून परत आला. शुद्धता कमी भरली. लॅबच्या रजिस्टरमध्ये मात्र ती बरोबर नोंदवलेली होती, तिच्या अक्षरात, तिच्या सहीने. शिफ्ट इन्चार्जने आकडा सांगितला होता, पण विचारल्यावर त्याने हात वर केले.

"तुझं स्वतःचं किती आलं होतं?" यांनी विचारलं.

"कमीच आलं होतं सर."

"आणि तो म्हणाला म्हणून तू वाढवून लिहिलंस? कच्चं काम केलंस. अशा वेळी त्याच्याकडून चिठ्ठी लिहून घ्यायची असते."

"मी नेहमीच विचारून लिहायचे सर. किती यायला पाहिजे ते आधी विचारायचं आणि मग लिहायचं. कॉलेजमध्येपण शेजारच्याचं बघूनच लिहायचे."

"का?" मी विचारलं. उत्तर मला नको होतं, तरी विचारलं.

ती हसली. "माझी नजर चुकते ना मॅडम. तुम्हीच नाही का सांगितलं?" मग यांच्याकडे वळून, गंमत सांगावी तसं सांगायला लागली. "सर, मी डोळे तपासायलापण गेले होते. कॅम्प दोनमध्ये सिंधी अंकलचं दुकान आहे ना चष्म्याचं, तिथे. बाबाला घेऊन. अंकल म्हणाला, 'बेटी, नंबर ही नहीं है, चश्मा किस बात का दूँ?' मी म्हटलं, 'अंकल, फिरसे देखो, मेरेको कॉलेजमें दस का साढ़े बारह दिखता है.' परत आठ दिवसांनी गेलो, परत तेच. मग म्हणतो, 'साईं, लड़की को मेरी दुकान पे बिठा दो. दस का साढ़े बारह देखनेवाला ही तो चाहिए धंधे में!'"

हे खो खो हसले. तीही हसली. मी चहा बघायला आत गेले आणि गॅस न पेटवताच उभी राहिले.

तिचं माझ्याकडे काम असं होतं. बदलापुरात पाणी तपासणाऱ्या एका लहानशा लॅबमध्ये जागा होती. त्यांनी जुन्या कारखान्यात फोन केला होता आणि तिथून जे सांगायचं ते सांगितलं गेलं होतं. तरी तिथले साहेब म्हणाले, तुझ्या कॉलेजच्या शिक्षकांचं पत्र आण, प्रयोगाच्या नोंदी तू कशा ठेवायचीस त्याबद्दल. मग बघू. शनिवारी मुलाखत.

"लिहाल ना मॅडम? घरी मी अजून सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन निघते आणि बदलापूरला लायब्ररीत बसते." जर्नल तिने टेबलावरच ठेवलं. "हे असू दे तुमच्याकडे, लिहायला बरं पडेल."

ती गेल्यावर मी ते उघडलं. ते पान आपोआपच उघडलं, व्हाइटनरने जाड झालेलं. खिडकीच्या उजेडात मागून धरलं तर पांढऱ्याच्या आत आकडे दिसत होते. उलटे, पण सगळे.

सोमवारपासून मी पत्राला बसत होते आणि उठत होते. कॉलेजमध्ये जर्नलांचा गठ्ठा आलेला, त्याला हात लावला नाही. रिकाम्या तासाला प्रयोगशाळेतल्या बाटल्यांची लेबलं बदलली. घरी आल्यावर पंखे पुसले. तांदळाची पिशवी ओट्यावरून फडताळात ठेवली, फडताळातून परत ओट्यावर. पत्रात 'तिच्या नोंदी नीटनेटक्या असत' लिहिलं. ते खरं होतं. 'अचूक' लिहिलं आणि खोडलं. 'प्रामाणिक' इथे पेन थांबलं.

बुधवारी संध्याकाळी हे म्हणाले, "किती चिरफाड करतेस त्या पत्राची? मेहनती, प्रामाणिक, शुभेच्छा. चार ओळी."

मग मी यांना सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. जग, गाळणी, मामांचं फडकं, व्हाइटनर. सगळं सांगून झाल्यावर यांनी मोबाइल खाली ठेवला आणि म्हणाले, "एवढंच?"

त्या शब्दाने माझं डोकंच फिरलं. "एवढंच काय?"

"अगं, आमच्याकडे हे रोज चालायचं. रीडिंग बसवल्याशिवाय गाडी गेटबाहेर पडत नव्हती."

"म्हणूनच ती तुमच्यासारख्यांकडे इतकी वर्षं टिकली. मी तयार करूनच पाठवली होती."

"तुमच्यासारख्यांकडे म्हणजे?" हे उठून गॅलरीत गेले. थोड्या वेळाने तिथूनच म्हणाले, "लिही काय लिहायचं ते. पण लेटरहेडवर नको. सात-आठ वर्षं उरलीत तुझी. उद्या ते पत्र कुणी प्रिन्सिपॉलसमोर टाकलं तर?"

मी लेटरहेडवर लिहिलं. विभागप्रमुख मीच आहे, शिक्का माझ्याच खणात असतो. शौर्य वगैरे काही नव्हतं. साध्या कागदावरचं पत्र त्या लॅबने घेतलं नसतं. लिहिलं ते असं: पहिल्या वर्षाच्या एका प्रयोगात या विद्यार्थिनीने जे दिसलं ते लिहिलं. द्रावण मी पाणी घालून पातळ केलेलं होतं, त्यामुळे वीस जणांच्या बॅचमध्ये तिचं एकटीचं उत्तर बरोबर होतं. हे लक्षात आल्यावरही मी तिला ते खोडायला लावलं आणि तिची नजर चुकते असं सर्वांसमोर सांगितलं. त्यानंतरच्या तिच्या नोंदींबद्दल मी खात्री देऊ शकत नाही, कारण त्यानंतर ती दुसऱ्यांना विचारून लिहू लागली. त्या पहिल्या नोंदीबद्दल मात्र पूर्ण खात्री देते.

मग भीती वाटली. हे वाचून तिला कोण कामावर घेईल? आपल्या मनावरचं उतरवून मी तिच्या डोक्यावर ठेवतेय की काय? म्हणून दुसरंही लिहिलं. मेहनती, नीटनेटकी, शुभेच्छा. चार ओळी.

गुरुवारी ती प्रयोगशाळेत आली. मी आधी मोठं पत्र हातात दिलं. ती उभ्यानेच वाचत होती. एकदा वाचून झालं, मग मागे जाऊन मधलीच ओळ परत वाचली.

"साडेबारा बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"तुम्हाला कधी कळलं?"

"तू समोर उभी होतीस तेव्हाच."

मी घरून आणलेलं जर्नल तिने टेबलावरून ओढून घेऊन उघडलं आणि अंगठ्याच्या नखाने तो पांढरा थर खरवडायला लागली. पापुद्रे टेबलावर पडत होते. खालचा कागदही थोडा फाटला. बारा दिसायला लागलं.

"बाबाने दोनदा कामावर खाडा केला," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता. "दुसऱ्या खेपेला मुकादम म्हणाला, उद्यापासून येऊ नको. नुसतं डोळे दाखवायला. काही झालं नव्हतं डोळ्यांना."

मी म्हटलं, "माझं चुकलं." इतक्या वर्षांनी ते वाक्य माझ्याच कानाला हलकं वाटलं.

"हो," ती म्हणाली.

मग तिने विचारलं, "हे दिलं तर मला घेतील?"

"माहीत नाही. नाहीही घेणार कदाचित. म्हणून हे दुसरं आहे, साधं. कुठलं द्यायचं ते तू ठरव."

तिने दोन्ही पत्रं घडी करून जर्नलात ठेवली. जर्नल झोळीत घातलं. एरवी आमच्या मुली दारातून वळून "येते मॅडम" म्हणतात, कितीही घाईत असल्या तरी. ती वळली नाही. मी टेबलावरचे पापुद्रे ओंजळीत गोळा केले आणि सिंकमध्ये सोडून नळ उघडला.

शनिवारी दुपारी मी जर्नलांच्या गठ्ठ्यापुढे बसले होते. फोन वाजला.

"मॅडम, झाली मुलाखत."

"घेतलं?"

"कळवतो म्हणाले."

"पत्र कुठलं दिलंस?"

"मोठं." मागे टमटमवाले ओरडत होते, बहुतेक स्टेशनबाहेर उभी असावी. "त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, या तुमच्या मॅडम अजून नोकरीत आहेत का?"

"मग?"

"हो म्हटलं. खोटं कशाला सांगू?"

मला हसू आलं. ती हसली नाही. पुढे म्हणाली, "मग पाण्याचं सॅम्पल दिलं टायट्रेशनला. सगळ्यांना एकच. शेजारी अजून एक मुलगी होती, तिने हळूच विचारलं, तुझं किती आलं? तिचं सोळा आलं होतं."

"आणि तुझं?"

"अठरा पॉइंट चार. तीनदा केलं."

"लिहिलंस काय?"

"अठरा पॉइंट चार." मग ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "किती यायला पाहिजे होतं, मॅडम?"

बरोबरच असेल गं, असं माझ्या तोंडावर आलं होतं. तिला बरं वाटलं असतं. मलाही.

"मला नाही सांगता येणार," मी म्हटलं. "ब्युरेटपुढे तू होतीस."

"ठेवते," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी वरचं जर्नल उघडलं. परमँगनेटचं पान. दहा, दहा पॉइंट एक, दहा. दुसरं उघडलं. तिसरं. चौकटीत सगळ्यांचं उत्तर बरोबर, पट्टीने आखलेलं. पहिल्यावर 'रिपीट' लिहिताना हात अडला, मग लिहीत गेले. विसाव्यापर्यंत आले तेव्हा चहावर साय धरली होती. सोमवारी मुलं जर्नल घेऊन येतील आणि विचारतील, मॅडम, पण यात चूक काय आहे? त्यांना काय सांगायचं, ते मी गठ्ठ्यापुढे बसून मनात पुन्हापुन्हा म्हणून बघत होते.